तिसरी फेरी

“आवाज येतोय का माझा?” धाकट्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“येतोय,” पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. “निवांत बसा. पाणी प्या हवं तर.”

तो पाणी प्यायला. टेबलाखाली त्याचा पाय काही थांबेना. सॉफ्टवेअर कंपनीतली सहा महिन्यांची इंटर्नशिप. दोन फेऱ्या पार पडल्या होत्या, ही शेवटची. याआधी चार कंपन्यांनी त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या.

लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, ताई बसली होती. दोन महिने तिनेच त्याची तयारी करून घेतली होती. ती स्वतः सात वर्षं याच कामात होती. आईने अंथरूण धरलं तेव्हा नोकरी सोडून घरी बसली. आता आई हिंडूफिरू लागली होती, पण ‘मधली चार वर्षं काय करत होतात?’ या प्रश्नापाशी ताईचं घोडं दरवेळी अडायचं. शेवटी तिने अर्ज करणंच सोडलं.

“मी नुसती बसणार. मदत वगैरे काही नाही,” तिने आधीच बजावलं होतं.

“एकच सीट दोघांनी एकाच क्षणी बुक केली,” बाईंनी विचारलं, “तर तुमचा प्रोग्राम काय करेल?”

कालच ताईने हे घोटून घेतलं होतं. धाकट्याने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दहा सेकंद गेले. वीस गेले.

ताईला राहवेना. तिने वही ओढली, मोठ्या अक्षरांत दोन ओळी खरडल्या आणि समोर धरल्या.

त्याने त्या वाचल्या.

बाई क्षणभर थांबल्या. मग पुढचा प्रश्न आला, जरा अवघड. मग त्याहून अवघड. बाई सावकाश विचारायच्या आणि उत्तरासाठी भरपूर थांबायच्या. ताई लिहीत सुटली. पानामागून पान उलटत होतं. तिचे कान तापले होते, केसांची बट तोंडात आलेली तिला कळली नव्हती.

“चालू सिस्टीम ऐन गर्दीच्या वेळी बंद पडली, तर?”

“आमच्या टीममध्ये एकदा असंच झालं होतं,” धाकट्याने वाचलं आणि जीभ चावली.

ताईने डोळे मिटून घेतले. कॉलेजच्या पोराची कसली आलीय टीम?

“मग? काय केलंत?” बाईंनी शांतपणे विचारलं.

पाऊण तासाने पडदा काळा झाला.

“तू लिहिलंस कशाला?” धाकटा म्हणाला.

“तू वाचलंस कशाला?”

पुढचे सहा दिवस दोघंही उंबरठ्यावर पाय ठेवल्यासारखे वावरले. तो दात घासतानाही मेल बघायचा. ती भाजी फोडणीला टाकून विसरायची. आईने विचारलं, “भांडलात का रे?” दोघंही एकदम नाही म्हणाले.

“मी त्यांना खरं सांगून टाकते,” तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली.

“माझं वाटोळं करायचंय का तुला?”

तिने तो विषय सोडला. पण त्यानंतर त्यालाही जेवण जाईना.

सातव्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्या बाईच होत्या. धाकट्याने ताईकडे पाहिलं आणि फोन स्पीकरवर टाकला. त्या काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “मॅडम, ती उत्तरं माझी नव्हती. बहीण समोर बसली होती. चूक झाली.”

“इंटर्नशिप तुम्हाला मिळणार नाही,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी या. एकटे.”

“हो, मॅडम.”

“आणि ते मला पहिल्याच उत्तराला कळलं होतं. त्यापुढचे सगळे प्रश्न मी त्यांनाच विचारत होते. द्या त्यांच्याकडे फोन.”