लाल होण्याआधी

“अजून थोड्या वाढू देत,” ती म्हणाली आणि तिनं इनक्युबेटरचं दार लावून टाकलं.

“अगं, लेकी उपवर झाल्या की!” मॅडम हसल्या. “किती दिवस पदराखाली ठेवणार आहेस?”

प्रयोगशाळेत सगळे हसले. तीही हसली. बाटलीवर नुसता नमुन्याचा क्रमांक होता, पण आतल्या पेशी कुणाच्या मज्जेतल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे बाबा गेल्या हिवाळ्यात गेले होते.

बाबांच्या हाडांतल्या मज्जेला रक्तातल्या लाल पेशी करता येत नव्हत्या. जन्मापासूनच. तिथं लाल पेशींची पिल्लं तयार व्हायची, वाढायची आणि ऐन लाल होण्याच्या वेळी मरून जायची. म्हणून महिन्याच्या महिन्याला त्यांना दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागे. “माझ्यात निम्मं गाव वाहतंय,” ते म्हणायचे, “भांडायचं तरी कुणाशी?” आणि संशोधनासाठी मज्जा काढताना, पाठीत सुई असताना, डॉक्टरांना म्हणाले होते, “आजवर घेतच आलो. एकदा देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहू द्या.”

पेशी आपल्या मनानं मोठी होत नाही. तिला तसा संदेश लागतो. एक संदेश सांगतो, वाढत राहा. तो मिळतोय तोवर ही पिल्लं एकाची दोन, दोनाची चार होत राहतात. बिनरंगाची, गोल. कुठल्याच कामाची नाहीत. तो संदेश काढून घेतला आणि मूत्रपिंडाकडून येणारा एरिथ्रोपोएटिनचा संदेश तेवढा ठेवला, की ती भराभर मोठी होतात. आकसतात, लाल होतात, स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देतात. मग त्यांना पुन्हा वाढता येत नाही. ती प्राणवायू वाहतात आणि वाहता वाहता झिजून जातात.

बाबांची मज्जा कुप्यांमध्ये गोठवून ठेवली होती. आधीच्या कुप्यांमधल्या पेशी या वळणावरच मेल्या होत्या. त्यांना आतूनच मरणाचा इशारा मिळत होता. आता तो इशारा अडवणारं औषध हाती आलं होतं. ते लागू पडलं, तर बाबांसारख्या रुग्णांवर त्याची चाचणी सुरू होणार होती. आणि या बाटलीतल्या पेशी बाबांच्या शेवटच्या कुपीतल्या होत्या.

औषध लागू पडणार याची तिला खात्री होती. तिनं सगळं तपासलं होतं. अडचण नेमकी तीच होती. ती रोज वाढीचा संदेश घातलेला ताजा द्रव बाटलीत ओतायची आणि बाबांच्या पेशी रोज वाढायच्या.

त्या दुपारी आई बाजारातून परस्पर तिथं आली. भाजीची पिशवी टेबलाखाली सरकवून तिनं चष्मा काढला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

“ह्यांना रंगच नाही की गं.”

“अजून लाल व्हायच्यात.”

“मग कशाला थांबलीयस?”

“एकदा लाल झाल्या की वाढत नाहीत, आई. मग...” तिनं बाटली जवळ ओढली. “मग हळूहळू संपतात. मागं काही उरत नाही.”

आईनं मान वर केली. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उठला होता.

“त्यांचा अख्खा जन्म लाल व्हायची वाट बघण्यात गेला,” ती म्हणाली, “आणि तू त्यांना दुपट्यात बांधून ठेवतेस होय? सोड त्यांना.”

मग पिशवी उचलून, “भाजी सुकतेय माझी,” म्हणत ती निघूनही गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं द्रव बदलला. वाढीचा संदेश काढला, औषध घातलं.

पेशींना द्यायचा तेवढा वेळ दिल्यावर तिनं त्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या. यंत्र थांबलं. मॅडम हातातलं काम सोडून तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. तिनं झाकण उघडलं, नळी काढली आणि खिडकीशी नेली.

तळाशी लाल थेंब बसला होता. गर्द, भरदार लाल.

“जिंकलीस गं पोरी,” मॅडम म्हणाल्या.

ती नळीकडे बघत राहिली. बाबांच्या अंगातून आलेलं रक्त तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. दाढी करताना हनुवटीवर, खिळा लागून अंगठ्यावर, दवाखान्यातून परतल्यावर सदऱ्याच्या बाहीवर. ते सगळं कुणा ना कुणाचं होतं.

बाबांचं रक्त ती आज पहिल्यांदाच पाहत होती.