एकाच पऱ्ह्याची माणसं

वाडीलगतच्या ओढ्यावरचा, म्हणजे पऱ्ह्यावरचा, लाकडी साकव वाहून गेला, तेव्हा द्वारका मयेकरने आपल्या आमदाराला फोन लावला. तो चंद्रपूरचा. "साकव म्हणजे काय हो, ताई?" त्याने विचारलं. तिच्या नवऱ्याचा आमदार नंदुरबारचा, शेजारच्या गजा टेमकरचा सोलापूरचा. सरकारी यंत्र जमिनीऐवजी माणसांचे विचार जुळवून मतदारसंघ आखायला लागल्यापासून वाडीचा असा एकही आमदार उरला नव्हता.

द्वारकाने देवळात वाडी जमवली. "यंत्र मोबाइलवर रोज प्रश्न विचारतं ना? उद्यापासून सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं."

"कोणाचं?" गजाने फणकाऱ्याने विचारलं. कुंपणाच्या भांडणापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"तुझं," द्वारका म्हणाली. "आजवर तुझ्या उलट बोलत आले, म्हणून तुझं सगळं मला पाठ आहे."

पुढच्या आखणीत अख्खी वाडी एका आमदाराखाली आली. मग चौकशीला अधिकारी आला, तो पऱ्ह्यातून कमरेपर्यंत भिजूनच.

"यंत्राला फसवलंत तुम्ही!" तो कडाडला. "खरं सांगा, तुमचं एकमेकांशी पटतं तरी का?"

"छे! कशावरच पटत नाही," द्वारका म्हणाली. "या गजाचं तर तोंड बघवत नाही मला."

"मलाही हिचं," गजा म्हणाला.

"पण साहेब," द्वारका पुढे म्हणाली, "तुम्ही आत्ता ज्यात भिजलात ना, त्याच पऱ्ह्यात आम्ही सगळे बुडतो. आता तुमच्या यंत्राला हे शिकवा, नाहीतर आम्ही असेच खोटं बोलत राहणार."