वस्ती भरलेली हाय

ऊसतोडीला माणसं गेली, की पाटोद्याकडच्या डोंगरातल्या त्या वस्तीवर कुलपं तेवढी उरायची. यंदा मागे राहिल्या होत्या ओली बाळंतीण विजयमाला आणि तिची सासू छबुबाई. वस्ती ओस दिसली की डोंगरातले 'थोरले' खाली उतरतात आणि उरलेल्यांना घेऊन जातात, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. म्हणून दिवेलागणीला लेकरू छातीशी धरून विजयमाला दारोदार हाका मारी, आणि छबुबाई प्रत्येक बंद घरापाशी जाड आवाज काढून ओ देई.

"जोरात गं! नवऱ्यानं कोयत्यासंगं तुझा गळाबी नेलाय का?"

विजयमाला हसली. शेवटच्या दाराशी तिनं हाक दिली, "उत्तरेश्वरभाऊ, जेवलाव का?"

"जेवलो, माय."

आवाज कुलपाच्या आतून आला, आणि तो खुद्द उत्तरेश्वरचा होता. छबुबाई शेजारीच उभी होती, पदर तोंडावर दाबून.

पलीकडच्या घरात कुणी खोकलं. त्याच्या पुढच्या घरात बांगड्या वाजल्या. कारखान्याला गेलेली सगळी माणसं रिकाम्या घरांतून बोलू लागली.

विजयमालानं वर पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून जिला ती डोंगराची कडा समजत होती, ती सावकाश उठून उभी राहिली. इतकं थोर तिनं काहीच पाहिलं नव्हतं. पळायचं भानच राहिलं नाही.

लेकराचं बारसं अजून व्हायचं होतं. नाव तिनं मनातच ठेवलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

वरून, आईनं मारावी तशी मऊ, त्याच नावाची हाक आली.

आणि लेकरानं ओ दिली.