वाचलेली मेल

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं मेलचं सेटिंग पॉपवरून आयमॅपवर बदलून निशिकांतच्या खुर्चीतून त्याचा भागीदार उठला. "आता मोबाइलवर वाचलेली मेल इथेही वाचलेली दिसेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निशिकांतने उघडल्याही नव्हत्या अशा मेल वाचलेल्या दिसल्या. त्याच्या मनात पाल चुकचुकली. सेटिंगच्या निमित्ताने पठ्ठ्याने पासवर्ड टिपून घेतला असणार. त्याने गुपचूप पासवर्ड बदलला आणि समोर निवांत चहा पिणाऱ्या भागीदाराशी दिवसभर तुटक बोलला.

संध्याकाळी गावाहून वडिलांचा फोन आला. "तू दिलेल्या जुन्या मोबाइलवर आज तुझ्या मेल उघडेनात रे."

"तुम्ही माझ्या मेल वाचता, अण्णा?"

"फोन कुठे करतोस तू? परवा कुणालातरी लिहिलं होतंस, अंगात ताप आहे म्हणून. उतरला का?"