ओळखा पाहू, मी कोण?

"बाबांना सांग, ताटं वाढलीत," आई म्हणाली.

ठकी जागची हलली नाही. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या दारात ती उभी होती. आईने पुन्हा सांगितलं. ठकीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

बाबांना बाहेर सगळं ऐकू येत होतं. घर ते केवढंसं! तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. निरोप आल्याशिवाय उठायचं नाही, असं गेल्या सतरा दिवसांत ठरूनच गेलं होतं.

"आईला विचार, माझा छोटा स्क्रू ड्रायव्हर कुठंय," ते म्हणाले. चष्म्याच्या दुकानातलं काम ते कधीकधी घरी आणत.

ठकीने त्यांच्याकडेही तसंच पाहिलं. गप्प.

सतरा दिवसांपूर्वी बाबा आपल्या बहिणीसमोर हसत हसत म्हणाले होते, "हिला काय विचारायचं? हिला त्यातलं काही कळत नाही." आईने मुकाट्याने कप उचलले होते. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका पकडायची. ही चूक ती सोडणार नव्हती. बाबाही इरेला पेटले. मग घरचा सगळा कारभार दुसरीतल्या ठकीच्या तोंडून चालू लागला. दूध आणा, किल्ली ठेवा, यायला उशीर होईल. ठकी निरोप चोख पोचवायची. फार तिखट असला तर वाटेत थोडा गोड करून द्यायची.

आज मात्र ती शाळेतून आली तीच गप्प.

आईने तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. "घसा दुखतोय?" ठकीने मान हलवली, नाही. "शाळेत कुणी मारलं?" नाही. "बाई रागावल्या?" नाही. "मग काय दातखीळ बसली?" ठकी किंचित हसली आणि पुन्हा गप्प झाली. आई चक्रावून गेली. ही पोर आजारी पडली की रडायची, रुसली की पाय आपटायची. आजचं हे दोन्हीत बसत नव्हतं. शेवटी तिने ठकीचं दप्तर उपसलं. आत गोष्टीचं एक पुस्तक होतं आणि त्यात घडी घातलेला छापील कागद.

'ओळखा पाहू, मी कोण? तुमचं मूल एक दिवस या गोष्टीतल्या एका पात्रासारखं वागेल. कोण ते सांगणार नाही. घरच्यांनी गोष्ट वाचून ओळखायचं आणि उत्तर खाली लिहायचं.' त्याखाली दोन रेघा होत्या. आईची सही. बाबांची सही.

आईने तो दोनदा वाचला. मग सुटकेचा निःश्वास टाकला.

"अहो," ती म्हणाली.

शब्द निसटून गेला होता. बाहेर खुर्ची करकरली.

"काय गं?" बाबा दारात आले.

"खेळ आहे. शाळेचा. हे बघा."

जेवणं तशीच राहिली. दोघं टेबलाशी बसून पुस्तक वाचू लागले. नदी आटते आणि सगळी जनावरं नव्या तळ्याकडे निघतात, अशी गोष्ट होती. त्यात सर्दी झालेला हत्ती होता, सगळ्यांची मोजदाद करणारी बदकीण होती, उभ्या उभ्या झोपणारं अस्वल होतं.

"अस्वल," बाबा म्हणाले.

"तिचे डोळे उघडे आहेत की."

"मग हत्ती. सर्दीने आवाज बसलाय."

"हत्ती शिंकतो हो, दर पानावर. नीट वाचा ना."

बाबांनी शिंकून दाखवलं. असं काही शिंकले की पेल्यातलं पाणी हिंदकळलं. आईला हसू आवरेना. दारातून ठकी एकदा आईकडे बघत होती, एकदा बाबांकडे. तिला हसू येत होतं, पण आवाज येत नव्हता.

"गोगलगाय?" आईने विचारलं.

"ती तर चालता चालता गाणं म्हणते." बाबा पानं मागे-पुढे करत होते. मग ते थांबले. "तुला काय वाटतं? तुला यातलं जास्त कळतं."

आईने मान वर केली नाही. तिने एका चित्रावर बोट ठेवलं. "हा वाटेवरचा दगड बघा," ती म्हणाली. "सगळे त्याला रस्ता विचारतात. तो काहीच बोलत नाही."

"दगड!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "दगडच!"

उत्तर आईने लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. जेवण गार झालं होतं. तिघांनी ते तसंच खाल्लं. ठकीने दोनदा मागून घेतलं, ताट पुढे करून.

सकाळी पलंगाखालून आवाज आला, "माझा दुसरा मोजा कुठंय?"

दोघांनी एकदमच उत्तर दिलं. एक दिवस संपला, खेळ संपला, असं म्हणून आई हसली. बाबा ठकीला सोडायला निघाले तेव्हा आईही चपला घालून निघाली. "मी येते हो. बाईंना माझं उत्तर मलाच द्यायचंय."

शाळेच्या फाटकाशी बाई रंगीत कागदांचा गठ्ठा सांभाळत उभ्या होत्या. ठकी आत पळाली. तिची बडबड व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होती.

आईने कागद पुढे केला. "दगड. बरोबर ना?"

बाईंनी कागद पाहिला. उलटा करून पाहिला. मग दोघांकडे पाहिलं.

"दगड?" त्या गोंधळून म्हणाल्या. "पण मी अजून कुठल्याच मुलाला पात्र दिलेलं नाहीये. पुस्तक आधी पाठवलं ते तुमचं वाचून व्हावं म्हणून. खेळ तर सोमवारी सुरू होणार आहे."