कापाकापी

सुलक्षणाने नव्या इमारतीच्या बांधकामाचं वेळापत्रक साहेबांपुढे ठेवलं आणि भांडायच्या तयारीने खुर्ची पुढे ओढली. साहेब प्रत्येक कामाचे दिवस निम्मे करणार, म्हणून ती ते आधीच दुप्पट लावायची. आणि तिने दुप्पट लावलेत हे साहेबांनाही पक्कं ठाऊक असायचं. मग वादावादी, दोनदा चहा आणि शेवटी मधलाच कुठला तरी आकडा. वर्षानुवर्षांच्या या घासाघिशीचा तिला वीट आला होता.

आज मात्र साहेब नुसती पानं उलटत राहिले. दिवस कापायचं टेबलावरचं लाल पेन त्यांनी उचललंच नाही. खिशातल्या निळ्या पेनाने शेवटच्या पानावर सही केली.

“साहेब, प्लास्टरचं बघितलंत ना? भलतंच ताणलंय मी.”

“असू दे गं,” साहेब चष्मा पुसत म्हणाले. “वेळच वेळ आहे आता.”

सुलक्षणाला अर्थ कळला. ज्या कामाचे दिवस कुणी कापत नाही, ते काम कुणाला करायचंच नसतं. बाहेर ऑफिसातली सगळी मंडळी याच इमारतीच्या कामाच्या आशेवर बसली होती.

तिने लाल पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

“साहेब, निदान प्लास्टरचे चार दिवस तरी कापा.”