टॉवेलाखालचा भाव

पांढऱ्या गाडीचं दार आतून उघडेना. अंजूनं हँडल दोनदा ओढलं, मग काचेवर टकटक केली. बाबांनी बाहेरून दार उघडलं.

"हे पण लिव तुज्या वहीत," ते म्हणाले.

तिनं लिहिलं. त्याच्यावर आधीच चार ओळी झाल्या होत्या. मीटरवर दोन लाख बारा हजार किलोमीटर, आणि ते खरे असावेत, कारण क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनं झिजलेले. क्लच बदलावा लागणार. इंजिन मात्र थंड असतानाही पहिल्या चावीला लागलं आणि धूर अजिबात नव्हता.

म्हसा गावातल्या त्या पत्र्याच्या शेडखाली सहा जुन्या गाड्या उभ्या होत्या. याच जागेत हनुमानच्या वडलांनी बैल विकले; हनुमान आता गाड्या विकत होता.

अंजूसाठी ही तिसरी गाडी होती. आणि शेवटची. सोमवारी तिला शहापूरच्या एका लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून आणायचे, म्हणून अट एकच: स्वतःची चारचाकी हवी. राहायला खोली देणार होते. त्यांनी तारीख दोनदा पुढं ढकलली होती. तिसऱ्यांदा दुसरी मुलगी घेऊ, असं स्पष्ट कळवलं होतं. आई गेली तेव्हा अंजू दोन महिन्यांसाठी म्हणून वैशाखऱ्याला घरी परतली होती. त्याला चार वर्षं झाली.

"एक लाख चाळीस," ती बाबांना हळूच म्हणाली. "कमी पळालेली असती तर पावणेदोन. जास्तीचे किलोमीटर, क्लच, टायर वजा केले की एक चाळीस. अगदीच अडलं तर दीड. त्याच्यावर माझ्याकडं एक रुपया नाय."

"कागदावरचा भाव येगळा असतो गो. पन बगतो. तुला फसू देनार नाय मी."

बाबा चाळीस वर्षं म्हशाच्या जत्रेत बैलांचे दलाल होते. भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली समोरच्याची बोटं दाबून सांगायचा, ही त्यांची रीत. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी काढला आणि हनुमानच्या हातावर टाकला.

"काका, आता हा धंदा मोबाईलवर चालतो," हनुमान हसला.

"तुजा बाप असला शानपना नव्हता करत. दे हात. लाख धरलेला. एक बोट म्हंजे धा हजार."

दोघांनी रिवाजाप्रमाणे तोंडं दुसरीकडं वळवली. टॉवेल हलत होता. अंजू गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. पत्रा तापला होता तरी तिनं पाठ काढली नाही. पहिल्या दोन गाड्यांच्या वेळी ती अशीच उभी होती, धसईला आणि मुरबाडला.

हनुमान काहीतरी बोलायला गेला.

"तोंडानं नाय," बाबा म्हणाले.

टॉवेल पुन्हा हलला, मग थांबला. बाबांनी तो ओढून घेतला, झटकला, खांद्यावर टाकला. "चल गो."

"किती म्हणाला?"

"एक ऐंशीच्या खाली उतरत नाय. लोभी हाय. बाप बरा होता."

"मी बोलू त्याच्याशी?"

"टॉवेलाखालचं बाहेर काडलंस तर या बाजारात मला कोन उभं करंल?"

तिनं मागं वळून पाहिलं. हनुमान त्यांच्याकडंच बघत होता. नजर भिडताच त्यानं खांदे उडवले आणि फडकं घेऊन काच पुसायला लागला.

परतीच्या एसटीत अंजूनं वही पुन्हा उघडली. तीन गाड्या, आणि तिन्ही वेळा बाजार तिच्या आकड्यापेक्षा तीस-चाळीस हजारांनी वर निघाला. पुन्हापुन्हा मोजून चूक एकाच दिशेला येत असेल तर दोष मोजपट्टीत असतो, हे ती बी.एस्सी.ला शिकली होती. इथं मोजपट्टी ती स्वतःच होती. तिनं वही मिटली.

"इतकं तोंड पाडू नको," शेजारून बाबा म्हणाले. त्यांनी स्टँडवर तिच्यासाठी गरम भजी घेतली होती. "फुडच्या साली बगू. घरात तुला काय कमी हाय?"

तिनं भजी खाल्ली. घरी येऊन भात टाकला, बाबांच्या गोळ्या काढून दिल्या, अंगणातले कपडे आत घेतले.

रविवारी सकाळी ती बाजाराला म्हणून निघाली आणि थेट म्हशाला उतरली. पिशवीत बँकेतून काढलेले दीड लाख होते आणि आईच्या कुड्या. एक ऐंशी तर एक ऐंशी. मोजपट्टी चुकते म्हणून सगळं आयुष्य त्या घरात काढायचं नव्हतं.

हनुमान खुर्चीत बसून चहा पीत होता. ती पांढरी गाडी शेडखाली दिसत नव्हती; मागं असेल, असं तिला वाटलं.

"दीड रोख आहेत," ती म्हणाली. भाव ती पहिल्यांदाच असा उघड्यावर बोलत होती. "आणि या कुड्या मोडून तीस येतील. झाले तुमचे एक ऐंशी."

हनुमाननं कप खाली ठेवला. "ताई, ती गाडी काल गेली. एक चाळीसला."

एक चाळीस. तिचाच आकडा. क्षणभर तिला नुसतंच बरं वाटलं, मग राग आला.

"दुसऱ्याला एक चाळीस, आणि आमच्याकडं एक ऐंशी मागत होतात?"

"मी?" तो गडबडून उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही हे त्यानं बघून घेतलं. "टॉवेलाखालचं सांगू नये, पन आता तुमी कुड्या घेऊनच आलात... मी तर तीन बोटांवरच, एक तीसला, हो म्हटलं होतं, ताई. हात काकांनी काढून घेतला."